पान सात, दुरुस्ती

जुन्या सीबीएसवरून सव्वासातची पेठ गाडी.
मांडीवर कच्चा खर्डा, चोवीस पानं,
पुठ्ठ्यात बांधलेली, निकालपत्रासारखी.
सावळघाटात गाडी दम खात चढते
आणि मी माझीच वाक्यं पुटपुटते :
“दूर डोंगरात, घनदाट रानात
झिपरी नावाची एक मुलगी राहत होती.”

कुणापासून दूर, हे
मखमलाबाद रोडच्या टेबलावर सुचलंच नव्हतं.

आश्रमशाळेत गावित सरांनी
सहावीतली एक मुलगी समोर बसवली.
प्रणिता भोये. दोन वेण्या, लाल रिबिनी,
हातात खोडरबर,
जणू तिला आधीच कुणी सांगून ठेवलेलं.

“झिपरी?”
ती मागच्या बाकांकडे वळून बघते.
“आमच्यात रोशनी आहे, दीक्षा आहे, दोन अश्विनी.
झिपरी आमची कुत्री.”

पान तीन. भिंतीवर पांढरी त्रिकोणी माणसं.
“हे वारल्यांचं. आम्ही कोकणा.”
चित्रकार पुण्याचा. मीच त्याला म्हटलं होतं,
आदिवासी दाखव.
त्यानं दाखवले.

नागलीची भाकरी पांढरीशुभ्र.
तिनं नुसतं बोट ठेवलं.
छपाईत काळपट रंग करपल्यासारखा दिसतो, मी म्हटलं.
“दिसू दे. खाणाऱ्याला कळतं.”

पुढे, रोज रात्री शेकोटीभोवती नाच.
“रोज? मग सकाळी आवणीला कोण जातं?”
सरांना खोकला आला,
बराच वेळ थांबेना.

पान सहावर डोंगऱ्या देव.
तीन जाड ग्रंथ आणि एक प्रबंध पालथा घालून
मिळवलेलं माझं सगळ्यात लाडकं पान.
इथे ती गप्प झाली. सरही.
मग हळूच : “हे आम्हीपण सगळं सांगत नाही.
भगताला विचारावं लागतं. तुम्ही विचारलं?”
मी ग्रंथांना विचारलं होतं.
पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं,
अजून तिथेच आहे.

पान सात.
“हिचे बाबा कुठे?”
बाबा नव्हते. गोष्टीत मला बाबा लागलेच नव्हते,
मोर होता, ससा होता, डोंगर होता.
“छाटणीला गेले असतील,” तिनंच सोय लावली,
“दिंडोरीकडे. शिमग्याला येतात.”
आणि मोराच्या पिसाऱ्यावरच पेन्सिलीनं काढला
रस्त्याकडेला उभा एक माणूस,
खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी कात्री.

ओळखला मी त्याला.
पेठ नाक्यावर रोज सकाळी उभे असतात,
डबा हातात, कोण टेम्पो थांबवतो ते बघत.
अनोळखी माणसांवर चोवीस पानं लिहिली मी,
आणि माणसं
दुधाच्या पिशवीइतक्या अंतरावर.

आता तू लिही, म्हटलं, नाशिकबद्दल.
थोडी सूड घेतल्यासारखी म्हटलं.
तिनं वहीचं पान फाडलं :
“नाशिकचे लोक रोज रामकुंडात अंघोळ करतात.
मग पोटभर द्राक्षे खातात.
त्यांच्या घरात माणसे कमी आणि दारे जास्त असतात.
समोरच्या दारात कोण राहते ते त्यांना माहीत नसते.”

मी पेन उघडलं.
रामकुंडावर शेवटची गेले ती पाहुण्यांना घेऊन,
सहा वर्षं झाली. खोडलं.
द्राक्षं आमच्या वाट्याला येतात ती
परदेशी न गेलेली. अर्धं खोडलं.
तिसऱ्या ओळीवर हात जरा रेंगाळला.
चौथीवर मी समोरच्या फ्लॅटची पाटी आठवत बसले,
पितळी आहे, एवढंच आठवलं.

साडेचारची गाडी चुकली.
पुढची भरून आली, घाटभर उभी राहिले.
घरी पुठ्ठा सोडला तर आत तिचं खोडरबर,
कोपरे झिजलेलं, शाईनं लिहिलेलं : प्र. भो.

ते परत द्यायला जायला हवं.
आवणी संपल्यावर. आधी विचारून.