इतर

माझं काम उजेड धरायचं.
डॉक्टर तिजानी म्हणतात, वर, अजून वर, जरा डावीकडे,
आणि मी मोबाइलची बॅटरी
कुणाच्या तरी तोंडात रोखून धरते.
खुर्ची प्लास्टिकची. मागे ज्वारीचं पोतं, डोकं टेकायला.
मंगळवारी त्रेसष्ट माणसं होती
आणि भुलीची इंजेक्शनं अकरा.

वाटेत कुणाचीच दाढ दुखत नव्हती.
तीन रात्री कोरड्या नदीच्या पात्रातून चाललो,
दातखिळी बसलेली पोरं पाठीला बांधून,
आपल्याला दात आहेत हेही कुणाला आठवलं नाही.
मग रेशनकार्ड मिळालं, डोक्यावर ताडपत्री आली,
आणि पहिल्याच शांत रात्री
रांगच्या रांग गाल धरून जागी.
जणू दुखणं मागून पायी येत होतं,
ते आत्ता पोचलं.

वही माझ्याकडेच असते.
नाव. वय. कोणता दात. कारण.
कारणाच्या रकान्यात तीनच शब्द छापलेत:
कीड, हिरडी, इतर.

कलतूमा हारून. कीड.
इथे साखर मिळते, ब्रश मिळत नाही.
मिसवाकच्या काड्या गावी झाडावरून फुकट मोडायचो,
इथे तीन काड्यांना वाटीभर ज्वारी मोजावी लागते.
इंजेक्शन एकच उरलं होतं. ती म्हणाली, मागच्या पोराला द्या,
सात बाळंतपणं केलीत मी, दाढेचं काय सांगता.
आणि खुर्चीचा हात असा धरला
की त्याला अजून तडा आहे.

गमर अरबाब. समोरचे चार.
कारण? तो म्हणाला, पडलो.
तिजानींनी ओठ उलटून आतला व्रण पाहिला,
सरळ, पट्टीने आखल्यासारखा.
कशावर पडलात?
बंदुकीच्या दस्त्यावर, तो म्हणाला,
आणि हसला तेव्हा
चार दातांच्या जागेतून मला त्याचा घसा दिसला.
इतर.

त्याच्या नंतरची बाई.
नाव सांगितलं, गाव सांगितलं, तोंड उघडेना.
बॅटरी बंद कर, तिजानी म्हणाले.
तिघं तसेच बसलो. बाहेर रांग कुरकुरत होती.
मग तिनेच माझं मनगट धरलं
आणि उजेड ओठांपाशी नेला.
इतर.

सांगून सांगून तिजानींच्या दाताच्या कण्या झाल्या,
पांढऱ्या गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला:
भुलीचं औषध, हातमोजे,
निदान अवजारं उकळायला एक बरा कुकर.
आधी पोट, मग दात, ते म्हणतात.
पोटाकडे जायला दुसरी वाट आहे का, तिजानी विचारतात,
पण गाडी निघून गेल्यावर, मला.
त्यांची स्वतःची दाढ सहा महिने ठणकतेय.
ती काढू शकणारा एकच माणूस होता,
तो शहरातच राहिला.
लवंग चावतात आणि पुढचा नंबर पुकारतात.

शेवटचा फदुल, वय सहा.
दुधाचा दात, नुसता लोंबत होता, बोटानेच आला.
आमच्याकडे पडलेला दात सूर्याकडे भिरकावतात:
हा गाढवाचा घे, मला हरणाचा दे.
घर असताना छपरावरून.
तेव्हा सूर्य बुडाला होता.
फदुल रात्रभर मूठ मिटून झोपला,
पहाटे येऊन मला हलवलं, कुठून उगवतो?

मी हात केला.
त्याच बाजूला सीमा, सीमेपलीकडे नदी,
नदीच्या पलीकडे आपलं—
मला पुरतं बोलू न देता त्याने फेकला.
फार लांब गेला नाही.
शेजारच्यांच्या शेळ्यांत पडला असावा.

वहीत त्याचा रकाना कोराच राहिला होता.
तीन शब्दांपैकी एकात ते बसेना.
रेघेच्या बाहेर, समासात लिहिलं:
वेळ झाली म्हणून.