नाणं

इस्पितळात जाण्याआधी आउनेनं पेलाभर पाणी गोठवलं,
बर्फावर जुनं मार्काचं नाणं ठेवलं
आणि पेला फ्रीझरात, मूस हरणाच्या मांसाशेजारी, उभा केला.
खुबा बदलायला काजानीला जायचं
म्हणजे बरंच काही शेजाऱ्यावर सोडावं लागतं:
मांजर, टपाल, अंगणातला बर्फ.
फ्रीझर तिनं नाण्यावर सोडला.

अकरा दिवसांनी परतली, कुबड्यांवर.
वेइक्को दारात, टोपी हातात.
"सगळं ठीक," म्हणाला, "वीज गेलीच नाही."
विजेचं कुणी विचारलं नव्हतं.

फ्रीझर गुरगुरत होता.
आत सगळं दगड:
सप्टेंबरातल्या शिकारीतला तिच्या भावाचा वाटा,
तळ्यातले मासे, साफ करून, चपटे बांधून,
उथळ डब्यांतलं सूप, आधी निववून मग ठेवलेलं,
दर झाकणावर तिरक्या अक्षरात महिना आणि साल.
काटा उणे अठरावर,
शहाण्या मुलासारखा हाताची घडी घालून.
आणि पेला.
वर गुळगुळीत बर्फ.
नाणं तळाशी.

ती स्टुलावर बसली.
म्हणजे बर्फाचं पाणी झालं होतं
आणि पाण्याचा पुन्हा बर्फ.
मधे किती तास गेले, नाणं सांगत नाही.
बुडालो, एवढंच सांगतं.
रानात कुठं तरी हिमाच्या ओझ्यानं पाइन वाकला असेल,
तारेवर टेकला असेल.
मांसाच्या पिशवीच्या कोपऱ्यात
तांबडं थारोळं, गोठलेलं.

हुंगून कळत नसतं. चाखून तर बघायचंच नसतं.
थंडीनं जंतू मरत नाहीत, निजतात,
आणि उठले की भुकेले असतात.
तिनं मांस काढलं, मासे काढले, सूप काढलं.
भावाच्या वाट्याशी हात जड झाला.
थांबला नाही.

लिंगनबेरी तेवढ्या ठेवल्या.
मऊ पडल्या होत्या, पण आंबट होत्या;
आंबटाला बरंच पचतं.
रवा घालून शिजवल्या, घुसळल्या,
गुलाबी फेस आला. वेइक्कोला बोलावलं.
दोन वाडगे खाल्ले त्यानं, मान वर न करता.
ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात.
हातात मांसाची पिशवी, स्वतःच्या फ्रीझरातली, चांगली तीन किलोची.
"तुझ्यासाठी," म्हणाला.
तिनं हात पुढे केला. त्याला पिशवी सोडवेना.
दोघांचे हात त्या गारठ्यावर.
"नको घेऊस," शेवटी म्हणाला.
"दोन दिवस गेली होती. मी बहिणीकडे होतो."
"आपल्या दोघांची तार एकच, वेइक्को."

मग ती कुबडी टेकत आत गेली,
ड्रॉवरमध्ये बराच वेळ खुडबुडली,
आणि दुसरं मार्क घेऊन आली.