बांध न फोडता

बांबोळीला तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर मिनेझिसबाईंनी
केसपेपराच्या पाठीवर भागीचं पोट काढलं.
पोट कसलं, लांबट भोपळाच,
त्यावर पेनाने चार टिंबं.
"फाडणार नाही. इथून दुर्बीण,
इथून चिमटा, इथून कात्री..."

मी म्हटलं, बाय, हे मला ठाऊक आहे.

मंडूरच्या खाजनात एकतीस वर्षं बांध राखला मी.
मानशीच्या फळ्या बघायच्या,
आणि कुर्लीने पोखरलेली भोकं.
(कर्क म्हणजे कुर्लीच ना?)
बांध फोडून कुर्ली काढत नाहीत.
फोडला की खारं पाणी आत,
कोरगूट गेलं, जमीन तीन वर्षं रुसली.
भोकात वाकडी सळी घालायची, कान लावायचा.
दगडाला लागली तर एक आवाज,
कवचाला लागली तर दुसरा.
मग घाई नाही.
ती नांगीने सळी धरते, सोडत नाही,
आणि त्याच हट्टाने बाहेर येते.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.
"आमची काही धरत नाही हो.
एकेका शिरेपासून सोडवावी लागते.
आणि फुटता कामा नये. आतल्या आत पिशवीत घालायची."
"मग एवढ्याशा टिंबातून येणार कशी?"
टोपण पुन्हा निघालं.
बेंबीखाली दोन बोटं आडवी रेघ.
तेव्हा भागी पहिल्यांदा बोलली:
"नेसणाची गाठ कुठे येईल मग?"

साडेचार तास.
भिंतीवरच्या पडद्यावर दुसऱ्यांचे नंबर.

तिसऱ्या दिवशी ती सलाइनचा खांब धरून
कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालली.
पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता.
आत भरलेला वायू वर चढतो म्हणे.
"पोट कापलं आणि खांदा रडतो,"
भागी हसली, हसताना पोट धरलं.

एक गोष्ट मी बाईंना सांगितली नाही.
कुर्ली काढली तरी भोक उरतं.
चिखल भरून टाचेने ठोकायचं,
आणि दर अवसे-पुनवेच्या उधाणाला
परत येऊन कान लावायचा.
त्यांना ठाऊक असेलच.
तपासाचा कागद दहा दिवसांनी येणार,
पुढची तारीख आधीच लिहिलेली.

रात्री ती झोपली असं वाटून
मी खाली वाकतो, चार टाक्यांजवळ.
आत गुरगुरतं काहीतरी.
उकड्या तांदळाची पेज असावी.
"काय ऐकता?" ती म्हणते, डोळे मिटलेलेच,
"दाढी टोचते."