रहिवासी दाखला

साहेब म्हणाले, वाघ गोव्याचे नव्हेत.
घाटावरून येतात, फिरतात, जातात. पाहुणे.
मी रजिस्टरात लिहिलं: पाहुणे.

माझ्या आज्याच्या बोलण्यात सात होते,
बापाच्या बोलण्यात दोन.
माझ्या कॅमेऱ्यात वर्षभर
काजू वेचणाऱ्या बाया, एक साळिंदर,
आणि सेल बदलायला वाकलेला मी.

घुमटीतला दगडी वाघ मात्र गावचाच.
त्याला तेल मिळतं, नारळ मिळतो.
तो गुरं मारत नाही.

सत्तरीत, झऱ्याच्या वरच्या अंगाला,
धाकली वरकची गाभण म्हैस गेली.
पहाटेच्या अंधारात तिनं
चिखलातल्या ठशावर टोपली पालथी घातली,
वर धोंडा ठेवला,
आणि तीन दिवस राखण करत बसली.

मी पोचलो टेप, प्लास्टर, छापील अर्ज घेऊन.
टोपली उचलली.

मोठ्या पंजाच्या कुशीला
करवंटीत मावतील असे
दोन.

खालच्या बागायतीत कुणी फवारणी करत होतं.
वास वर येत होता.
तसलीच बाटली गेल्या साली सापडलेली,
मेलेल्या वासराजवळ, झाकण नसलेली.

धाकली खाली बसली.
अंगण सारवावं तसा
हातानं चिखल सारवला.
"लिव," म्हणाली, "म्हस दरीत पडली."
"पैसे मिळायचे नाहीत, आत्ये."
"लिव."

उतरताना घुमटीशी थांबलो.
दगडी वाघाचे पाय पहिल्यांदाच नीट पाहिले.
तेलानं गुळगुळीत.
यांचा ठसा कुठेच उमटणार नाही.