पहिला टप्पा

मणक्याच्या दोन चकत्यांनी शेवटी ठरवलं
की शिकागोला मी आडवा जाणार.
डॉक्टरांनी फक्त सही केली.

शाहूपुरीत, निलोफर अत्तारच्या ऑफिसात,
पंखा डुगडुगत होता.
मुंबईहून बिझनेस क्लास, चार लाख साठ.
मी खुर्चीतून अर्धा उठलो,
पाठ म्हणाली, बस.
"थांबा काका," ती म्हणाली,
"कोलंबोहून धरलं तर एक नव्वद.
दोह्यापासून तेच विमान, तीच सीट,
तसेच पाय पसरायचे."

म्हणजे वर जायला आधी खाली जायचं.
शालननं भाकरी परतता परतता विचारलं,
"गंगावेशीत जायला कोण कागलावरनं जातंय व्हय?"

वडील मला गुळाच्या सौद्याला न्यायचे.
रुमालाखाली बोटं बोटांशी बोलायची,
आणि त्याच रव्याला वेगळा दर निघायचा,
गिऱ्हाईक कुठनं आलंय ते बघून.
गूळ आपला जेवढ्यास तेवढा गोड.
मला ती लबाडी वाटायची.
आता रुमालाखाली माझाच हात.

पैसे भरताना निलोफरनं एकच दम दिला :
"कोलंबोचा टप्पा चुकवायचा नाही.
दोह्यातच चढतो म्हणालात
तर पुढचं सगळं आपोआप रद्द.
कंपनीला पहिलं पाऊल पाहिजे."

पहिलं पाऊल
उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडात.
पंधरा वर्षांचा मी, काळ्या वाळूत गुडघे रुतवून
साचा ठोकत.
रसाची बादली दोघांनी उचलायची,
दांड्याच्या पलीकडं महिपती लोहार.
त्याचा पाय घसरला, भार माझ्याकडं आला,
रस सांडू दिला नाही.
पाठ तिथं गेली.
परदेशी पाहुण्यांना मात्र मी कायम
शिरोलीपासून सांगत आलो :
नवी भट्टी, काचेची केबिन, भिंतीवरची सर्टिफिकेटं.
तिथनं निघालं की माझी किंमत बरी येते,
असं वाटायचं.

उजळाईवाडीहून बंगळूर, बंगळूरहून कोलंबो.
रात्री लॉजवर डासांची अगरबत्ती
आणि छताला एक पाल, तीही आडवी.
पहाटे विमानात एका पोरीनं बटण दाबलं,
खुर्चीचा पलंग झाला,
तिनं त्यावर चादर घातली, कोपरे खोचले.
माझं अंथरूण दुसऱ्या कुणी घातल्याला
किती वर्षं झाली ते मोजत होतो,
मोजून व्हायच्या आत झोप लागली.

जाग आली तेव्हा पडद्यावर नकाशा.
कोची होतं, मुंबई होती.
मधल्या मोकळ्या जागेवर मी बोट ठेवलं,
अंदाजानं.
काच गार होती.

शिकागोत, जेवणाच्या टेबलावर,
म्हाताऱ्या खरेदीदारानं विचारलं, सुरुवात कुठून?
मी वाळूपासून सांगितलं. महिपतीचं नावही घेतलं.
तो मान हलवत राहिला, मग त्याच्या बापाच्या
खाणीबद्दल बोलत बसला.
ऑर्डरचं अजून काही कळवलेलं नाही.

परतीचं तिकीटही कोलंबोपर्यंतच.
तिकिटाच्या लेखी माझं घर तिथं.
विमान टेकलं, स्पीकरवर गोड आवाज,
घरी परतणाऱ्यांचं स्वागत.
मीही बॅग काढली, घरी आल्यासारखी,
आणि बंगळूरच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

रात्री शालन वही घेऊन बसली.
लॉज, व्हिसा, बंगळूरची जाऊन-येऊन तिकिटं,
सगळं वजा जाता दोन लाख आठ हजार वाचले.
मी पाट ओढून भिंतीला टेकलो.
"जादाचे दोन दिवस भट्टी बंद होती," ती म्हणाली,
"ते धरलंय का?"
"नाही."
"मग धरा."