वादाचं मूल्य

निकाल हाती पडल्यापासून चौदा दिवस मिळतात.
नाझिब्रोला तेराव्या दिवशी आली,
झेस्ताफोनीहून, पहाटेच्या मिनीबसने.
मांडीवर हिरव्या अक्रोडांची पिशवी,
पिशवीत निकालाची प्रत,
प्रतीवर सालींचे काळे डाग.

"वाचलात?"
"शेवटचं पान वाचलं, पोरी.
बाकीची दहा तिथेच तर जातात."

खरेदीखतात होतं:
घर, अंगण, द्राक्षांचा मांडव,
आणि जमिनीत रुजलेलं, बांधलेलं, पुरलेलं सर्व काही.
पुरलेलं.
नोटरीने तो शब्द सवयीने घातला असणार,
पत्राच्या शेवटी आपण 'कळावे' लिहितो तसा.

कोठारात गळ्यापर्यंत पुरलेले पाच रांजण,
वाइनचे, आत माणूस उभा राहील एवढे.
चार तिने दिले.
पाचवा नाही म्हणाली, तोंडी, फाटकाशी उभ्या उभ्या.
पाचवा नवऱ्याने भरला होता मुलगा झाला त्या साली,
वर दगडी झाकण, झाकणाला मातीचा लिंपा.
उशांगीच्या लग्नात उघडायचा.

माल्खाझ, ज्याने घर घेतलं, वाईट माणूस नाही.
पैसे वेळेवर दिले, छप्पर दुरुस्त केलं,
कोर्टात तिला खुर्चीही ओढून दिली.
एवढंच म्हणाला:
रांजण काढायचा तर भिंत पाडावी लागेल,
आणि भिंत माझी आहे.
न्यायाधीशांना पटलं.
पुरलेला रांजण म्हणजे जमीनच.

मी मसुदा काढला.
मुद्दा एक, पुरणं म्हणजे रुजणं नव्हे.
मुद्दा दोन, उभय पक्षांचा हेतू.
तिसरा सुचेना,
आणि दोन मुद्द्यांचं अपील लंगडं दिसतं.

मग तो रकाना आला.
वादाचं मूल्य.
ठरावीक रकमेच्या खाली असेल
तर वरचं कोर्ट कागदाला हात लावत नाही.
"आत किती वाइन असेल?"
"काही नाही."

पेन थांबलं.

"उशांगीच्या चाळिसाव्याला काढली.
सगळं गाव प्यायलं. माल्खाझसुद्धा,
सोळाचा होता, कुंपणाशी जाऊन ओकला.
मग मी आत उतरले, चेरीच्या सालीच्या कुंच्याने
तळापासून घासला,
आणि झाकण पुन्हा लिंपलं."

"हे कोर्टात का नाही सांगितलंत?"
"त्यात काय आहे, कुणी विचारलंच नाही.
सगळे विचारत होते, कुणाचा आहे."

मी एका कुंभाराला फोन लावला.
जुन्या रांजणाचं काय येईल?
तो हसला. बाहेर काढताना फुटतो, बाई.
जमिनीत आहे तोवरच त्याला किंमत.
हे वाक्य मी टिपून घेतलं नाही.
ते समोरच्या वकिलाचं होतं.

"काढून नेणार कुठे तुम्ही?
मुलीचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर."
"काढायचा कुणाला आहे?
राहू दे तिथेच, त्याच्या भिंतीखाली.
मी तो विकला असं लिहिलंय ना,
तेवढं खोडून दे."

आणि माझ्या हातातलं पेन घेऊन
तिने रकान्यात आकडा घातला,
मर्यादेहून एक लारी जास्त.
मी काही बोलले नाही.
शपथेवर याहून मोठ्या थापा मी दाखल केल्यात.

कुताइसीला खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं होती.
कारकुनाने वर न बघता विचारलं, "कशाचा वाद?"
"जमिनीचा," मी म्हणाले.
"रांजणाचा," मागून ती.
त्याने लिहिलं: मालमत्ता.
शिक्का तिरका पडला.

अक्रोड ती माझ्याकडेच ठेवून गेली.
रात्री सोलायला बसले, हातमोजे न घालता.
ही साल बोटांना लागली
की पंधरा दिवस जात नाही.
तारीख दोन महिन्यांनंतरची आहे.