अडीच लिटर

उदगीरच्या सरकारी दवाखान्यात
बस्वंतप्पा कंपाउंडर बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायचे,
कात्रीनं दात पाडलेली.
एक दात, एक डोस.
पेशंट म्हणायचे, दोन बोटं जास्तीचं द्या की ओ.

खोकल्याचं औषध यायचं पत्र्याच्या डब्यांतून,
एकेक डबा गॅलनचा.
गॅलनचे आठ पाइंट, पाइंटाचे वीस औंस,
पावकी-निमकीवर वाढलेल्या जिभेला
हेही पाठ झालेलं.
मग लिटर आलं, नवं काचेचं माप आलं
आणि वरून चिठ्ठी:
डब्यांची जमा करताना औंसाचे तीस धरा.
धरले.

वर्षाअखेर उस्मानाबादहून ऑडिटचे साहेब.
डबे दहा, औंस सोळाशे,
तीसनं गुणून अठ्ठेचाळीस लिटर.
वाटलं किती? साडेपंचेचाळीस.
"अडीच लिटर कुठंय, कंपाउंडर?"

माझी आई तिथं आयाबाई. ती म्हणाली,
एवढं खोकल्याचं औषध माणूस पिऊन तरी कसं टाकील?
शिपाई हसला,
साहेबांकडं बघून थांबला.

"ठकू, एक कळशी आण आडाची."

रिकामा डबा धुतला, काठोकाठ भरला.
बस्वंतप्पा फरशीवर मांडी घालून बसले,
डोळा काचेवरच्या रेघेला आणून
शंभर-शंभर ओतत गेले बादलीत.
मी कोळशानं भिंतीवर रेघा मारत होते.
पंचेचाळीस झाल्या.
मग जे उरलं
ते निम्म्या मापालाही टेकलं नाही.
अठ्ठेचाळीसावी रेघ मारायला
डब्यात पाणीच नव्हतं.

"औंसात तीस मावत नाहीत, साहेब.
अठ्ठावीसच्या जरा वर गेलं की काठ येतो.
तुमचं अडीच लिटर चिठ्ठीतच सांडलंय."

साहेबांनी रेघा पुन्हा मोजल्या,
बोट लावून लावून. बोट काळं झालं.
रजिस्टरातला 'तूट' शब्द खोडला,
तिथं दुसरं काय लिहावं
ते बराच वेळ सुचेना.
शेवटी चहा मागवला,
दोन में तीन.

पाणी आईनं फरशी पुसायला घेतलं.
रेघा मात्र दिवाळीच्या चुन्यापर्यंत तशाच राहिल्या.
हंडरगुळीची एक म्हातारी बाकावर बसल्या बसल्या
त्यांच्याकडं बघून हळहळली:
"एवढे दिस कुणाला खोकला होता गं बाई?"